नेपल्सचं तांबं, करामाची चिंच

आप्पा, आज चिंच आणली. करामातूनच, आपल्या जुन्या बिल्डिंगखालच्या दुकानातून. सांगायचंय ते तुमच्या तांब्याच्या नाण्याबद्दल, पण आधी हे ऐका की अबू धाबीच्या रीम आयलंडवरची तुमची साइट, मंदीत अर्धी राहिलेली, तिथे आता टॉवर उभा आहे. परवा पार्सल द्यायला गेलो होतो. लिफ्टमध्ये एक बाई मुलाला म्हणत होती, "अरे, मराठीत बोल की," आणि तो म्हणाला, "मॉम, नॉट नाऊ." मला उगाच काहीतरी बोलावंसं वाटलं, तेवढ्यात माझा मजला आला. असो.

साइट बंद पडली त्या दिवशी तुम्ही ऑफिसात शेवटचा चहा केलात. सामान आवरता आवरता इटालियन इंजिनियरने ड्रॉवरमधून ते नाणं काढून तुमच्या हातावर ठेवलं. "माय टाऊन, चाचा. नेपल्स. व्हेरी ओल्ड," म्हणाला आणि त्यावरचा चेहरा दाखवून त्याने हात जोडले. तुम्ही तिथेच चपला काढल्यात. खोलीवर येऊन नाणं बंकबेडवरच्या फळीवर, देवांत बसवलंत आणि दर शुक्रवारी ताम्हनाबरोबर तेही चिंच-मीठ लावून घासायला लागलात. मी हसलो. "आप्पा, शिवराईसारखं नाणं आहे ते, देव नाही." तुम्ही मान वर न करता म्हणालात, "दुसऱ्याच्या घरचा देव आपल्याकडे राहायला आलाय, तो काय काळा ठेवायचा?"

मग तुम्ही गावी गेलात आणि तिकडेच गेलात. नाणं एका डब्यात माझ्याबरोबर फिरलं. उम्म अल कुवैनला मी बोटी रंगवल्या, तिथून कुठे कुठे. डबा कधी उघडला नाही. मागच्या महिन्यात शारजात जुनी नाणी विकणाऱ्या एका मलबारी चाचाला ते दाखवलं. त्याने भिंग लावलं. "नेपल्स का ड्यूक. सूबेदार समझो. बादशाह दूर बैठा है, नाम का, और ये अपना तांबे का सिक्का चलाता है. इधर उनका संत." मग भिंग खाली ठेवून म्हणतो, "इसको रगड़ा किसने?"

"बाप ने."

"हज़ार साल मिट्टी में बच गया, हबीबी, तुम्हारे बाप ने खलास कर दिया!"

मला आधी हसू आलं. जुन्या तांब्यावरचा काळा थर म्हणजे त्याची कातडी, म्हणाला, ती घासली की चेहरा जातो. संताचं नाक तेवढं उरलं होतं. "केमिकल से काला कर दूँ? नाक बच जाएगी. बस, धोना मत." मी नाणं मुठीत धरून बाहेर आलो.

डब्यात ते आपोआप थोडं काळपट झालंच होतं. तसंच ठेवलं तर नाक टिकेल, हे मला कळतं, आप्पा. तरी मघाशी चिंच भिजत घातली. ड्युटीवर निघालेला बिहारी रूममेट म्हणाला, "क्या बन रहा है, सांबार?" म्हटलं, "भगवान धो रहा हूँ." तो हसत गेला. मग खोलीत कुणीच नव्हतं.

नाक गेलं. आता तिथे कुणीच नाही, नुसतं लख्ख तांबं आहे. हे पत्र नाण्याखाली घडी करून ठेवतो, पाठवायचं तरी कुठे? तुम्ही देवासाठी घासायचात. मला फक्त खोलीत तो चिंचेचा वास हवा होता.