झाडूवाल्याचं नाव

प्रिय प्रशील,

आज शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, संध्याकाळचे साडेसहा. जळगावच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून एका लग्नाच्या बॅनरवरच्या ‘शुभाशिर्वाद’मधला ‘शि’ दीर्घ करत होतो. तो तसाच ठेवून तुला लिहितो आहे. शाळा दहावीत सुटली, पण शुद्धलेखन पक्कं, म्हणून डबिंग करणाऱ्या नवलभाऊंनी त्या परदेशी सिनेमाचे अहिराणी संवाद माझ्याकडे दिले. तेव्हा सगळ्यांत जास्त खूश तूच झाला होतास.

सिनेमा हसवणारा. कम्युनिस्टांच्या राज्यातली गोष्ट. पावासाठी रांग, भिंतीवर पुढाऱ्याचा फोटो, खाली ‘सगळे समान’ अशी पाटी. त्या कचेरीत सावळा माणूस एकच, तिथल्या भटक्या जमातीतला, झाडू मारणारा. त्याला नाव नाही. साहेब चुटकी वाजवून बोलावतो. मला वाटलं, नाव दिलं तर आपल्या लोकांना तो जवळचा वाटेल. मी साहेबाच्या तोंडी घातलं, “आपला देसमा बठ्ठा सारखा शेतस. भिका, तठे पुस.”

झाडूवाल्याचा आवाज तुला दिला तेव्हा तू म्हणालास, “बठ्ठा सारखा शेतस, मंग झाडू मालेच का रे भो?” झाडू तुलाच का, यावर सगळे हसले, मीही हसलो. मग नवलभाऊंनी साहेबाचं ते वाक्य म्हटलं. तू पाणी मागितलंस. परत माइकसमोर आलास आणि “हा सायेब” म्हणालास, एकदाच, स्वच्छ. त्यानंतर तू आला नाहीस, फोनही उचलला नाहीस.

मला काही दिवसांनी दुकानातून घरी जाताना उमगलं. तुझ्या आजोबांना आम्ही सगळे आबाच म्हणायचो. त्यांचं नाव मी एकदाच लिहिलं होतं, त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या फ्लेक्सवर. ‘कै.’ खोडून तुमच्या बौद्ध रीतीप्रमाणे ‘कालकथित’ केलं, ‘भिका’मधला ‘भि’ ऱ्हस्व ठेवला. तुझ्या आई, केसरमावशी, तेव्हा म्हणाल्या होत्या, “चंदनने बराबर लिखं.” त्याच हाताने मी ते नाव झाडूवाल्याला दिलं, आणि आबांच्या नातवाला त्या नावाने ओ द्यायला लावली.

चूक सुधारावी म्हणून आमच्या आजोबांचं नाव घालायला बसलो. लोटन. ‘लो’ लिहिला आणि पुढे हात चालेना. वडील मागून वाचत होते. म्हणाले, “आपला घरनं नाव तठे कसाले?” मला राग आला नाही, प्रशील. मलाही तेच वाटत होतं, लाज याची आहे. भिका लिहिताना हात अडला नव्हता. विसरलो होतो असं म्हणता येईल, पण झाडू दिसल्यावर हाताला तुमच्याच घरातलं नाव का सापडलं, हे त्याने झाकलं जात नाही.

नाव मी काढून टाकलं आहे; तिथे मूळची चुटकी परत आली. नवलभाऊ चिडले, “लोक हसावूत नही.” पण तुझं “हा सायेब” अजून आहे. परवा धुळ्याला पहिला खेळ आहे. तू बोलत नव्हतास, म्हणून मी मावशींना परस्पर पास पाठवला होता, हे सगळं उमगायच्या आधी. आज त्यांचा फोन आला. मुलाचा आवाज पडद्यावर ऐकायला त्या येणार आहेत, बहिणीलाही आणणार आहेत. तू त्यांना काही सांगितलेलं नाहीस, हे त्यांच्या बोलण्यावरून कळलं. मीही सांगू शकलो नाही. तुझा आवाज ठेवू की काढू, एवढं कळव. काढ म्हणालास, तर मावशींना कारण सांगायला धरणगावला मी येईन. तू सांगू नकोस.

तुझाच, अजून म्हणू देत असशील तर,
चंदन