हजेरीपटावरचा ढ

बाई, तुमच्या हजेरीपटात एका दिवसाच्या रकान्यावर बारीक 'ढ' लिहिलेला मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा चौथीत होते. रकाना अख्ख्या वर्गाचा, म्हणजे आपण सगळेच ढ, असं समजून मी घरी जाऊन रडले. दुसऱ्या दिवशी आई तुमच्याशी भांडायला शाळेत आली. तुम्ही तिला शांतपणे सांगितलंत, "अवं, ढ म्हंजी ढगाळ. पोरांचा काय संबंध?" ताप-खोकल्यानं घरी राहिलेल्यांच्या नावापुढं तुम्ही 'खो' लिहायचात, तेही तेव्हाच कळलं. हिवाळ्यात पहिला तास शाळेमागच्या भिंतीला पाठ लावून व्हायचा. ऊन खाऊन घ्या, म्हणायचात आणि पाढे सुरू करायचात. आपल्या चौसाळा गावातलं ते ऊन मला अजून पाठीवर आठवतं.

मग मी डॉक्टर झाले आणि नव्या नवलाईत शाळेत फ्लूवर बोलायला आले. पालक जमलेत. तुम्ही हजेरीपट उघडून माझ्यापुढं धरता, चष्मा कपाळावर, बोट रकान्यावर. "बघ गं, आठ-दहा ढ लागोपाठ आले की मागनं खो वाढतेत. असं कावून व्हतं?" मला उत्तर येत नव्हतं, म्हणून मी हसले. ताप विषाणूनं येतो, ढगानं नाही, आणि पोरांना उन्हात बसवून काही होत नसतं, असं सगळ्यांसमोर सुनावलं. पालकही हसले. तुम्ही हजेरीपट मिटलात आणि माझ्यासाठी चहा मागवलात. दुसऱ्या दिवसापासून वर्ग आत भरायला लागला, असं नंतर कानावर आलं. तेव्हाच येऊन तुमच्याशी बोलायला हवं होतं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

आता माजलगावात माझा दवाखाना आहे. श्रावणात ढग हटत नाहीत आणि बाहेरच्या बाकावर जागा उरत नाही. ऊन कमी मिळालं की अंगातलं ड जीवनसत्त्व घटतं आणि फ्लूला तेवढंच फावत असावं, असं काही संशोधक म्हणतात. असावं, एवढंच. बंद खोल्यांतली गर्दी, हवेतला ओलावा, यावर त्यांचा वाद अजून चालू आहे. पण प्रश्न तुमचाच आहे, बाई, जसाच्या तसा. कुणी सांगितलेलं नसताना तुम्ही तो वर्षानुवर्षं मांडत राहिलात. एवढी चिकाटी माझ्यात नाही. तुमचा फार अभिमान वाटतो, आणि त्या हसण्याची लाज. माझं स्वतःचं ड जीवनसत्त्व कमी निघालंय. उन्हाच्या मुलखात राहून स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधून फिरते ना.

यंदाच्या पावसाळ्यापासून पेशंटच्या वहीत मीही तारखेवर ढ लिहिते. हे पत्र त्याच वहीत ठेवणार आहे, दुसरीकडं कुठं पाठवू? परवा कंपाउंडरनं वही पुढं करून विचारलं, "म्याडम, ह्यो ढ कोन?"

"मी," म्हणाले. खरं तर ढ म्हणजे ढगाळ, आणि ही खूण तुमची, हे तुमचं नाव घेऊन सांगणार होते. पण समोर पेशंट बसले होते, आणि तेही तुम्हाला हसतील अशी भीती वाटली.