जुलैतली हिवाळी गोष्ट

दरीतलं घर,
मंगळवार, १८ जुलै २००६

चिरंजीव विल्फर्ड यास,
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. इकडे सगळे बरे आहेत, माझा गुडघा सोडून. मका कमरेएवढा आलाय. ट्रकचा रेडिएटर पुन्हा गळतोय, म्हणून कुठेही जाताना पाण्याचे दोन कॅन बरोबर न्यावे लागतात. मावशीचा जावई उद्या तुमच्या पठारावर पाण्याची टाकी घेऊन येतोय. त्याच्याच हाती हे पत्र देतेय, म्हणजे शुक्रवारी तू निघायच्या आत तुला मिळेल. आणि शेवटपर्यंत वाच. तुला अर्ध्यावर कागद खाली ठेवून चिडायची सवय आहे.

तर तुझं पत्र. शुक्रवारपर्यंत संग्रहालयातलं ते बटण दाबलं की बोलणारं यंत्र बंद झालं नाही तर स्वतः येऊन तारा उपटतोस म्हणे. बाहेर विजा चमकतायत, साप बिळाबाहेर आहेत, आणि आठ वर्षांपूर्वी गेलेले आपले आजोबा संग्रहालयाच्या भिंतीतून त्या चार पायांच्या लबाडाची गोष्ट सांगतायत. (त्याचं नाव लिहीत नाही, जुलै आहे, भर उन्हाळा.) पहिलं दव गोठल्यापासून पहिल्या गडगडाटापर्यंतच सांगायची गोष्ट, हे काय मला ठाऊक नाही? तुमच्या दोन मेंढ्यांवर वीज पडली, आणि तुझ्या गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘या पोराच्या घरी उन्हाळा-हिवाळा कळत नाही का?’ यंत्र बंद होईपर्यंत ते तुला विधीचं पुढचं गाणं शिकवणार नाहीत, हे वाचून मला जेवण गेलं नाही. सहा वर्षं तू त्यांची लाकडं फोडलीस, त्यांच्या मागे बसून ओळ न् ओळ पाठ केलीस. ते सगळं एका बटणापायी वाया जावं, हे मला मुळीच नको आहे. यावर तरी विश्वास ठेव.

तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी, गेल्या आठवड्यातल्या सोमवारी, संग्रहालयात गेले. वाटेत दोनदा ट्रकला पाणी पाजलं. काउंटरवर ती शाँडीन नावाची मुलगी असते, नखं रंगवत बसलेली. मला बघून म्हणाली, “आजी, आज सोमवारच्या?”

“का, सोमवारी बंदी आहे?”

“तसं नाही हो. जा ना आत, बटण मोकळंच आहे.”

“दाबायला नाही आलेले. बंद करायला आलेय.”

“बंद करायचं बटण नाहीये, आजी. गोष्ट संपली की आपोआप बंद होतं.”

विल्फर्ड, मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली. साठ पोरांना एका नजरेत गप्प करायची. पण या मुलीपुढे माझं काही चालेना. ती मला एकेक कागद देत राहिली. हा तक्रारीचा, हा अभिप्रायाचा, हा ‘तुम्हाला संग्रहालय कसं वाटलं’ त्याचा. तेवढ्यात अर्ध्या चड्डीतलं एक जोडपं आलं. त्यांनी बटण दाबलं, अर्धा मिनिट मान डोलावली, पाटीचा फोटो काढला आणि गालिचे बघायला गेले. त्या पाटीवर आजोबांचं नाव टपोऱ्या अक्षरांत लिहिलंय. गेलेल्या माणसाचं नाव, येणारा-जाणारा वाचतोय. आजोबा रिकाम्या खोलीला गोष्ट सांगत राहिले. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

मग साहेबांना गाठलं. ऑर्लँडो तोहानी, चाळिशीचा असेल, गळ्यात भलामोठा फिरोजा. आपलाच माणूस, तरी खुर्चीवरून उठला नाही. मी आधी कुळं सांगितली, मग त्यालाही सांगावी लागली. त्याचे वडील आपल्या कडू पाण्याच्या कुळातले निघाले.

“म्हणजे मी तुझी आत्या,” मी म्हटलं. “आता ऊठ आणि मला खुर्ची दे.”

उठला बिचारा. कॉफीही आणली.

“आत्या, मलाही पटतं हो. माझी आजी तर उन्हाळ्यात दोऱ्याचे खेळसुद्धा खेळू द्यायची नाही. पण हे ठरवणार समिती. मी नोकर माणूस.”

“मग बोलव समिती.”

“ती ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात बसते.”

“ऑक्टोबरात दव गोठलेलं असतं, बाळा.”

“मग तर प्रश्नच मिटला की.”

असं म्हणून तो हसला. मला त्याच्या डोक्यावर कॉफी ओतावीशी वाटली. उन्हाळ्यात गोष्ट थांबवायची की नाही हे हिवाळा लागल्यावर ठरवणार, आणि त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही! मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. शेवटी म्हणाला, बुधवारी या, जुनी फाईल काढून ठेवतो.

बुधवारी गेले. गुडघा ठणकत होता. फाईल टेबलावर होती, पण याचा चेहरा कसनुसा.

“आत्या, समिती लागणारच नाही. ज्याने टेप दिली त्याने अट घालायची, की आम्ही त्याच दिवशी बटण काढतो. एक ओळ आणि सही, बस.”

त्याने कागद माझ्याकडे फिरवला. ‘देणाऱ्याच्या अटी’ या शब्दांपुढची जागा कोरी होती. खाली सही होती.

तू लिहिलंयस, ती टेप आजोबांकडे गोष्टी ऐकायला येणाऱ्या त्या विद्यापीठाच्या प्रोफेसरने विकली असणार. मागेही तू हेच म्हणालास आणि मी गप्प बसले. प्रोफेसरने काही केलेलं नाही. सही माझी आहे.

आजोबा गेले तेव्हा रीतीप्रमाणे चार दिवसांत तू त्यांचं सगळं आवरलंस. खोगीर मोडलंस, टोपी, पट्टा, काठी, सगळं पुरलंस. मला विचारलंस, “ताई, अजून काही राहिलंय?” मी नाही म्हटलं. ती कॅसेट तेव्हा पिठाच्या डब्यात होती. शेवटच्या हिवाळ्यात मीच भरून घेतली होती. पुढे पाच वर्षं ती तशीच राहिली. घरात लावायचा धीर होईना, गेलेल्या माणसाचा आवाज घरात कसा बोलवायचा? आणि टाकवेना. मग संग्रहालय सुरू झालं. तिथे दिवे आहेत, माणसं आहेत, भीती वाटत नाही. दिली. तो कागद भरताना अटींची जागा मला दिसली होती, विल्फर्ड. ‘फक्त हिवाळ्यात’ एवढे दोन शब्द लिहायला किती वेळ लागतो? मी मुद्दाम लिहिले नाहीत. हिवाळ्यात बर्फाने रस्ता कितीदा तरी बंद असतो. मला बारा महिने जायचं होतं.

तीन वर्षं, रस्ता मोकळा असला की, मी दर गुरुवारी जाते. मी गॅलपच्या बाजाराला जाते असं तू समजतोस. ते बटण सगळ्यांत जास्त मी दाबलंय. तुझ्या मेंढ्या माझ्यामुळे गेल्या असतील, मला सांगता येत नाही. तुझं गाणं मात्र माझ्यामुळेच अडलंय.

बुधवारी ऑर्लँडोने पेन पुढे केलं. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा नाकावर होता. त्याने कागद पाकिटात घालून माझ्या हाती दिला. सहा दिवस ते पाकीट टेबलावर पडून होतं. ज्यांच्यावर मी ओरडत फिरले त्यांतल्या कोणाच्याच हातात काही नव्हतं. सगळं माझ्या हातात होतं. स्वतःचा इतका वैताग मला कधी आला नव्हता.

आज अट लिहिली, सही केली. कागद सोबत आहे. शुक्रवारी तूच नेऊन दे, मी गेले तर काउंटरपर्यंत जाऊन परत येईन, देणं माझ्याच्याने होणार नाही. तारा उपटू नकोस, त्या पोरीला सगळं पुन्हा जोडावं लागेल. आणि परवाच्या गुरुवारी मी जाणार आहे. विचारत नाही, सांगतेय.

आता एक विचारते. गोष्ट मला पाठ आहे, गोष्टीसाठी मी जातच नाही. ती अर्ध्यावर आली की आजोबा थांबतात, खोकतात आणि म्हणतात, “पोरी, चुलीत एक लाकूड टाक, आणि तू इकडे जवळ येऊन बस.” मग माझ्या उठण्याचा आवाज येतो, चुलीचं झाकण वाजतं, आणि ते पुढे सांगायला लागतात. ऑर्लँडो म्हणतो तेवढं वेगळं काढून देता येईल. ते वाक्य काही त्या लबाडाच्या गोष्टीतलं नाही. मला म्हटलेलं आहे. तेवढं उन्हाळ्यात ऐकलं तर चालेल का रे? गुरुजींना विचार. ते नाही म्हणाले तर नाही असंच येऊन सांग, मी ऐकेन.

तुझ्याशी आठ वर्षं खोटं बोललेली,
तुझी ताई