दहा खाचा आणि रिकामे मणी

४ फेब्रुवारी, सोमवार. विनिपेग, उणे एकतीस.
नवी वही. संकल्प तीन. एक, रोज लिहायचं. दोन, गर्व करायचा नाही. तीन, साडेअकराच्या आत डबा उघडायचा नाही.
तिसरा दहा चाळीसला मोडला. बायकोनं, लिओनानं, सॉसेज दिलं होतं. दोन शाबूत आहेत.

६ फेब्रुवारी
काल लिहिलं नाही. एक शाबूत आहे. पण कारणही तसंच मोठं आहे. डॉक्टरबाई कोवालचुकांनी खोलीत बोलावलं. बावीस वर्षं मी त्यांच्या मूत्रपिंडाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ. आजवर प्रत्येक पेपरात माझं नाव शेवटी, आभारांत. एकदा तर फ्रीज दुरुस्त करणाऱ्याच्याही खाली. काल बाई म्हणाल्या, सतरा नंबरचं प्रथिन अँकिरिनला धरून बसतं असं वाटतंय. महिन्याभरात दाखव. मे महिन्यात सास्काटूनच्या परिषदेत बारा मिनिटं तू बोलशील आणि पेपरात तुझं नाव पहिलं.
मी शांतपणे "बघतो" म्हणालो. मग बाहेर येऊन उगाचच दोनदा जिना चढलो आणि उतरलो.

७ फेब्रुवारी
भाषणाची सुरुवात लिहून टाकली. "पेशीचं पटल म्हणजे तेलाचा पातळ पापुद्रा. त्यातली वाहक प्रथिनं म्हणजे दरवाजे. क्षार आत घेणारे, बाहेर सोडणारे. पण तेलात दरवाजा एका जागी थांबणार कसा? म्हणून पटलाच्या आतल्या बाजूला प्रथिनांची जाळी असते, पेशीचा सांगाडाच म्हणा. अँकिरिन दरवाजाला त्या जाळीशी बांधून ठेवतं."
छान वाटलं. आमच्या गावच्या एकखोली शाळेचं दार बर्फाच्या वादळात पेनर मास्तर दोरीनं फळ्याच्या खिळ्याला बांधायचे. म्हणजे हा विषय मी सहा वर्षांचा असल्यापासून माझा आहे. हेही भाषणात घातलं.
प्रयोग अजून केलेला नाही. भाषण मात्र साडेचार मिनिटांचं झालं आहे.

१३ फेब्रुवारी, दुपारी तीन
पट्टा आला. जाड, काळाभोर.
सगळं विधिवत केलं. अँकिरिन चिकटवलेले मणी घेतले, खसखशीहून बारीक. त्यांवर पेशींचा रस ओतला. तीनदा धुतले. मण्यांवर जे उरलं ते जेलच्या, म्हणजे प्रथिनं वेगळी करणाऱ्या जेलीच्या थराच्या, खाचांत भरलं. त्यात सतरा नंबर असेल तर फिल्मवर काळा पट्टा उमटतो. जेलला खाचा दहा. पट्टे दहा.
नळ्या गरगर फिरवणाऱ्या सेंट्रिफ्यूजचं बटण दाबण्याआधी मी क्षणभर डोळे मिटून मनात प्रार्थना करतो. शेजारच्या टेबलावरच्या रोवेना बाउतिस्ताला वाटतं मी आकडे मोजतो. मी तिचा गैरसमज दूर करत नाही.
फिल्म बघून रोवेनानं विचारलं, दादा, यातले रिकामे मणी कुठले? म्हणजे अँकिरिन न लावलेले. सतरा नंबर त्यांनाही चिकटला, तर तो अँकिरिनला नाही, नुसत्या मण्याला धरून बसलाय. मी म्हणालो, खाचा दहाच होत्या आणि दहाही चांगल्या कामासाठी वापरल्या. ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" मला आवडत नाही.

१४ फेब्रुवारी
सकाळी आनंदाच्या भरात गाडी सुरू केली आणि निघालो. इंजिन गरम ठेवणारी वायर घराच्या प्लगमधून काढायची राहिली. घरानं गाडी सोडली नाही, गाडीनं घर सोडलं नाही, शेवटी वायरनं दोघांना सोडलं. लिओना दारात उभी होती. म्हणाली, बांधून ठेवायचं कसं ते तू जगाला सांगणार म्हणे.
हेही भाषणात घ्यावं का?

२० फेब्रुवारी
धुण्याच्या पाण्यात मीठ पाचपट केलं. भलेभले सुटतात. सतरा नंबर जागचा हलला नाही. मीठ दहापट. तरी नाही. याला निष्ठा म्हणतात.
रोवेना म्हणाली, एवढ्या मिठातही जो सोडत नाही त्याला निष्ठा नसते दादा, त्याला डिंक असतो. आणि रिकाम्या मण्यांचं काय झालं?
उद्या करणार आहे. खरं सांगायचं तर मला त्यात श्रद्धेची उणीव वाटते. प्रार्थना करायची आणि मग देवाकडे पोचपावती मागायची, तसं.

२४ फेब्रुवारी, रविवार
चर्चमध्ये आभार मानायची वेळ आली तेव्हा उभा राहिलो. दोनच वाक्यं बोललो. लिओनाच्या घड्याळात ती अकरा मिनिटं भरली. सास्काटूनला बारा आहेत, म्हणजे तयारी बरोबर चालली आहे. आमच्या गायकवृंदातल्या म्हाताऱ्या हाइनरिख काकांनी विचारलं, त्यांचा मूतखडा यातून जाईल का. मी म्हणालो, मे महिन्यानंतर.
संकल्प क्रमांक दोनमध्ये किरकोळ दुरुस्ती: गर्व सोमवार ते बुधवार करायचा नाही.

३ मार्च
लग्नातला कोट काढला. बटण आणि काज यांची भेट होईना. लिओनानं दोन्ही बाजूंची शिवण उसवून कोट सैल केला. म्हणाली, आता आत कापड उरलं नाही, परिषदेपर्यंत पनीरच्या उकडलेल्या करंज्या, म्हणजे वरेनिके, बंद. मी कबूल केलं. रात्रीच्या जेवणाला वरेनिकेच होते. केलेले टाकायचे कसे?
भाषणाचा गोषवारा सास्काटूनला पाठवला. सर्वांत वर माझं नाव: आर्नो लोवेन. चार वेळा उघडून बघितला. पाचव्यांदा लिओनाला दाखवायला.

११ मार्च, सोमवार
लॅबमध्ये भाषणाची तालीम. पेनर मास्तरांची दोरी सगळ्यांना आवडली. पट्टे दाखवले तेव्हा खोली शांत झाली. मला वाटलं, भारावले.
डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "आर्नो, रिकामे मणी कुठे आहेत?"
"फ्रीजमध्ये," मी म्हणालो.
हे खरं होतं. बाटली फ्रीजमध्येच होती. रोवेनाला खोकला आला. बाई म्हणाल्या, गुरुवारी फिल्म माझ्या टेबलावर हवी.
काही हरकत नाही. विश्वास असलेल्या माणसाला गुरुवार काय आणि शुक्रवार काय.

१३ मार्च
रिकाम्या मण्यांवर पट्टा आला. अँकिरिनवाल्यापेक्षा काळा.
उघड आहे, नळ्यांवरची नावं अदलाबदल झाली. रोवेनाला तसं सौम्य शब्दांत सुचवलं. ती म्हणाली, दादा, अक्षर तुझं, पेन तुझं आणि नळ्याही तुझ्याच.

१४ मार्च, गुरुवार, सकाळी
पहाटे येऊन पुन्हा केलं. मण्यांची नवी बाटली. पट्टा आला. मग मणीच न घालता, नुसत्या प्लास्टिकच्या नळीत. पट्टा आला. काचेच्या नळीत. आला. रोवेनानं आपला हातमोजा रसात बुडवला, माझ्यासारखाच तीनदा धुतला, आणि दिला. हातमोज्यावरही सतरा नंबर.
तो सगळ्यांना चिकटतो. अँकिरिनला त्यातल्या त्यात कमी.
इतकं प्रेमळ प्रथिन माझ्या पाहण्यात नाही.

त्याच दिवशी, दुपारी
बाईंच्या टेबलावर फिल्म ठेवली. त्यांनी बराच वेळ बघितली. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, "बावीस वर्षं या लॅबमध्ये आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी तूच शिकवतोस ना, की रिकामे मणी आधी?"
मी "हो" म्हणालो.
त्यांनी माझ्यासमोरच सास्काटूनला कळवलं. वक्त्यांच्या यादीतून एक नाव कमी झालं.
घरी सांगितलं. लिओनानं वरेनिके वाढले. मी म्हणालो, कोटाची शिवण पुन्हा घालून टाक. ती म्हणाली, राहू दे तशीच.
आज संध्याकाळच्या प्रार्थनेत मागण्यासारखं काही सुचलं नाही. तसाच बसून राहिलो. बरं वाटलं.

२० मार्च
फ्रीजच्या दारावर कागद. रोवेनाचं अक्षर: "जेल भरण्याआधी आर्नो केला का?"
खाली स्पष्टीकरण. रिकाम्या मण्यांच्या खाचेला आता लॅबमध्ये "आर्नो" म्हणतात.
अर्धा तास मी तिच्याशी बोललो नाही. मग ती तांदळाच्या शेवयांचा डबा घेऊन आली आणि मला बोलावं लागलं. अजून साडेअकरा वाजले नव्हते.

२६ मार्च
तिसऱ्या मजल्यावरच्या लॅबमधून फोन. आर्नो सुरुवातीच्या खाचेत घालायचा की शेवटच्या? मी सांगितलं, पहिल्या. आवाज शांत ठेवला.
एव्हाना कागद चारही मजल्यांवर गेलाय. चौथ्या मजल्यावर तर छापील लावलाय. डॉक्टरबाई म्हणाल्या, पुढच्या पेपरात कृतीच्या भागात हा शब्द वापरायला हरकत नाही.
विचार केला. पेपरात पहिलं नाव येतं, त्याच्या मागे सहा-सात जण असतात. इथे मी एकटा आहे. सास्काटूनमध्ये बारा मिनिटं मिळाली असती. हे रोज चालणार. हाइनरिख काकांना सांगितलं. त्यांनी मूतखड्याचं विचारलं.

२ एप्रिल, मंगळवार
बर्फ वितळायला लागलंय. बाईंनी अठरा नंबरचं प्रथिन दिलं. आजच मण्यांवर घातलं, धुतलं, डोळे मिटले, बटण दाबलं.
दहा पट्टे. सतरा नंबरचे यांच्यापुढे काहीच नाहीत. हा अँकिरिनला धरून बसलाय यात तिळमात्र शंका नाही. कोट अजून सैल आहे. भाषणात फक्त नंबर बदलायचा.
जाता जाता रोवेनानं विचारलं, दादा, आर्नो केला का?
खाचा दहाच होत्या. आर्नो उद्या.