पंधरा मीटर की पंचवीस

३ एप्रिल, सकाळी ७.१०
प्रश्न पाइपचाच आहे. आज नक्की झालं. ट्रायल ट्रिपला मोटरहोमच्या टाकीत मी बागेच्या हिरव्या पाइपने पाणी भरलं, ती चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी हिने चहाचा एक घोट घेतला आणि रबराचा वास येतोय म्हणाली. अर्ध्या तासाने एका गावाचा बसस्टँड आला, तिथे गाडी थांबवायला सांगितली, पर्स घेऊन उतरली आणि बहिणीकडे गेली. चहा आणि बसस्टँड यांच्या मध्ये दुसरं काही घडलेलं नाही. मी तिला गॅसचा रेग्युलेटर समजावत होतो तेवढंच.
आज अकरावा दिवस.
संकल्प: पिण्याच्या पाण्याचा योग्य पाइप निवडणे. निवडला की तिला कळवणे. ती येईल.

४ एप्रिल
तीस वर्षं खरेदी विभागात काढली. पाइप म्हणजे हातचा मळ. तक्ता केला. लांबी, व्यास, वजन, वास, उन्हात टिकणे, नळाचा जोड. शेवटचा रकाना 'शेरा'. तो हिच्यासाठी मोकळा ठेवलाय.

५ एप्रिल
हार्डवेअरवाला माहितगार निघाला. पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगळाच असतो म्हणाला, बागेचा पाइप उन्हात तापला की पाण्याला वास लागणारच. मी म्हटलं, हे लेखी देता का. तो म्हणाला, साहेब, पाइप घेताय की कोर्टात जाताय. रेकॉर्डसाठी, असं सांगितलं. त्याने पिशवीवर लिहून सही केली. चांगला माणूस.
लांबीचं मात्र ठरेना. पंधरा मीटर आटोपशीर. पंचवीस मीटर कुठल्याही नळापर्यंत पोचतो, पण गुंडाळायला दोन माणसं लागतात. दोन माणसं आहेतच म्हणा.

६ एप्रिल, सकाळी ११
बहिणीकडे फोन केला. मेव्हणीने उचलला. भाऊजी, ताई झोपलीय म्हणाली. मागे ताईच्या हसण्याचा आवाज येत होता. झोपेत हसायची सवय हिला पूर्वी नव्हती. बहिणीकडची गादी मऊ असावी.
मेव्हणीला पिशवीवरचा मजकूर वाचून दाखवला. ती म्हणाली, भाऊजी, तुम्हाला खरंच पाइपचं वाटतंय का हे? म्हटलं, तज्ज्ञाची सही आहे.
तिचं म्हणणं, ग्रंथालयाचं ताईच्या मनातून जात नाही. ही गेली एकोणीस वर्षं ग्रंथालयात मुलांचा विभाग सांभाळत होती. मी रिटायर झालो त्या आठवड्यात तिथल्या प्रमुखबाईंना फोन करून सांगून टाकलं की आता आम्ही फिरणार, ही येणार नाही. सरप्राइज होतं. हिला ते तिथे गेल्यावर कळलं, तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसलेली. सरप्राइज अगोदर सांगितलं तर सरप्राइज कसलं? मेव्हणीला हे पटवायला गेलो तर कुकर लावायचाय म्हणाली.

८ एप्रिल
चपटा पाइप आणला, पंधरा मीटर. रिकामा असताना फितीसारखा गुंडाळला जातो, वजन काही नाही. फक्त पूर्ण उलगडल्याशिवाय पाणी सोडायचं नसतं, हे मी पाणी सोडल्यावर वाचलं. पाइपला पीळ पडला, नळावरून निसटला, मी छातीपर्यंत भिजलो. पीळ सोडवायला दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. नळ बंद करून या टोकाकडून त्या टोकाकडे सहा वेळा गेलो.
परत केला.

९ एप्रिल
चवीची चाचणी. तीन ग्लास: हिरव्या पाइपचं पाणी, नमुना म्हणून आणलेल्या निळ्या पाइपचं, थेट नळाचं. शेजारच्या मास्तरांना बोलावलं, कोणतं कुठलं ते न सांगता प्यायला दिलं. तिन्ही पाणीच आहे म्हणाले. त्यांना पुन्हा प्यायला लावलं. ते म्हणाले, अहो, मला मधुमेह आहे, सारखं उठावं लागतं.
मग विचारलं, वहिनी कधी येणार. म्हटलं, पाइप फायनल झाला की. मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. जाताना म्हणाले, जेवायला या आमच्याकडे. नाही म्हटलं. माझं ब्रेड-जॅमचं वेळापत्रक व्यवस्थित चाललंय.

११ एप्रिल
मुलीचा फोन. तिला तक्ता पाठवला होता. बाबा, एक विचारू का म्हणाली. तुमच्या खात्यात वस्तू घ्यायच्या आधी ती वापरणाऱ्याला विचारायचा नियम होता ना? म्हटलं, होताच, मीच लागू केला होता. ती म्हणाली, मग आईला विचारलं होतं का? मी म्हटलं, कशाबद्दल, पाइपबद्दल? नाही बाबा, म्हणाली, गाडीबद्दल. घर बंद करून वर्षभर फिरण्याबद्दल. कशाहीबद्दल.
नेटवर्क खराब असल्यामुळे मला उत्तर देता आलं नाही. तिचा आवाज स्वच्छ येत होता.

१२ एप्रिल
निर्णय झाला. निळा, पंचवीस मीटर, अर्धा इंची. नळाला आटे बसेनात, दोन जोड आणावे लागले. आता थेंब गळत नाही. टाकी धुतली. शंभर लिटर भरायला बावीस मिनिटं.
हिला पाइपचे चार फोटो पाठवले, एक जवळून. दोन निळ्या खुणा आल्या. म्हणजे पाहिले. उत्तर नाही, म्हणजे आक्षेप नाही. आमच्या खात्यात सात दिवसांत आक्षेप आला नाही तर मंजुरी धरत.

१५ एप्रिल
मंजुरी. सातव्या दिवसाची वाटसुद्धा पाहावी लागली नाही. मुलीने कळवलं की आई रविवारी येतेय, मी गाडीने आणते. आणखी काहीतरी सांगत होती, मी म्हटलं, रविवारी बोलू. मोटरहोममध्ये हिच्या बाजूला नवी चादर घातली. रूट ठरवला. पहिला मुक्काम तळ्याकाठी. तिला तळं आवडेल. आवडत असावं.

१८ एप्रिल, रविवार, दुपारी २
ही आली. थोडी बारीक झाली आहे, केस कापलेत. मी छान दिसतात म्हणालो नाही, कारण नळ चालू होता. तिच्या समोर टाकी भरून दाखवली. बावीस मिनिटं ती दारात उभी राहून बघत होती. मग ग्लास भरून दिला. सगळा प्यायली.
वास? विचारलं. नाही म्हणाली.
मोठा अडथळा दूर. चहा ठेवलाय, तो उकळेपर्यंत ही नोंद करतोय.

१८ एप्रिल, संध्याकाळी ६
दुपारची नोंद अपुरी आहे.
चहा घेऊन बाहेर आलो तर मुलगी दोन बॅगा तिच्या गाडीत ठेवत होती. हिचे स्वेटर, औषधं, पुस्तकं. ही पायरीवर बसली होती. अहो, बसा जरा म्हणाली. बसलो.
म्हणाली की वास त्या दिवशीही येत नव्हता. दोन दिवस तुम्ही बोलत होता, टाकी, बॅटरी, गॅस. मला काहीतरी बोलायचं होतं. बाकीचं बोलायला सुरुवात कुठून करायची कळेना, म्हणून चहाबद्दल बोलले. वाटलं, तुम्ही विचाराल काय झालं. तुम्ही रेग्युलेटर समजावत राहिलात, आणि मी गेल्यावर पाइप कुठे मिळतो ते शोधायला लागलात.
मी म्हटलं, मग हे तेव्हाच सांगायचंस. ती हसली. रागाने नाही. म्हणाली, बहिणीच्या गावच्या शाळेत वाचनवर्ग सुरू करतेय, तिथेच खोली घेतलीय. तुमची तब्येत सांभाळा. बाहेरचं फार खाऊ नका.
मी म्हणालो, पाणी तरी चांगलं आहे ना. हो, चांगलं आहे म्हणाली, आणि माझ्या दंडावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उठली.
तक्त्यात 'शेरा' लिहायचा राहिला.

२० एप्रिल
टाकीतलं पाणी फार दिवस साठवू नये म्हणतात. खालची तोटी उघडली. शंभर लिटर जायला सव्वा तास लागला. फाटकापर्यंत ओघळ गेला. मास्तर येऊन उभे राहिले. जाताना जेवायला या म्हणाले. येतो म्हटलं.
पाइप ठेवताना पूर्ण कोरडा करायचा असतो. एक टोक उंच धरून चालत गेलो की पाणी दुसरीकडून निघतं. पंचवीस मीटर एकट्यालाही जमतात, वेळ लागतो. मग दोन्ही टोकं एकमेकांना जोडायची, म्हणजे आत काही शिरत नाही. जोडली.
उद्याचं काही ठरवलेलं नाही.