दहापैकी तीन

६ जानेवारी, मंगळवार

गादी फाटली आहे. आईच्या उजव्या गुडघ्यातली. डॉक्टरांनी पडद्यावर पेनाच्या टोकानं एक पांढरी रेघ दाखवली. आईनं मान डोलावली. तिला काय दिसलं असेल? मला तरी काय दिसलं!

मी कॉलेजच्या ऑफिसात आहे म्हटल्यावर डॉक्टर माझ्याशी इंग्रजीतच बोलायला लागले. आई आळीपाळीनं दोघांच्या तोंडाकडे पाहत होती. दोन रस्ते आहेत म्हणाले. तीन महिने फिजिओथेरपी, नाहीतर दुर्बिणीतून ऑपरेशन. "फाटलेलं ताजं आहे, आता शिवता येईल. माझ्या आईचा गुडघा असता तर मी शिवून घेतला असता. पण निर्णय तुमचा." आणि हेही, की गुडघा अडकला, सरळ होईना, तर त्याच दिवशी या.

बाहेर बाकावर आईनं विचारलं, "काय म्हनले वं?"

"व्यायाम करा म्हणाले. तीन महिने. पाय अडकला तर लगेच सांग."

यात खोटं काही नाही. थोडं गाळलं, एवढंच. मी आठवडाभर वाचते आहे. आईच्या वयाला ऑपरेशन आणि व्यायाम यांत फारसा फरक पडत नाही, असं मोठमोठे अभ्यास सांगतात. मग कापायचं कशाला?

— आणि भूल देण्याआधी कागदावर सही लागते. आईचा अंगठा, सुभद्रामौशीचा अंगठा, बाबा नाहीत. आमच्या घरात सही करणारी मी एकटी. काही झालं तर सही माझी!

९ जानेवारी, शुक्रवार

फिजिओथेरपीच्या भूमिका मॅडम माझ्याच वयाच्या. सात व्यायाम दिले. उकिडवं बसणं बंद, मांडी घालणं बंद. आई म्हणाली, "मंग मी रोटी काय झाडावर चढून करू?"

आमच्या जरीपटका भागातल्या बाजाराच्या कोपऱ्यावर आई एकवीस वर्षं लंबी रोटी करते. विस्तवावर पालथा मटका, त्याच्यापुढे एक गुडघा उभा, एक मुडपून. सैल कणीक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत झुलवायची आणि मटक्यावर टाकायची. पाणी, लाकडं, कणीक — दर वेळी उठायचं. उठतानाच 'टक्' झालं होतं.

मॅडमनी दुखण्याला नंबर द्यायला सांगितलं. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. आई माझ्याकडे हात करून म्हणाली, "मंग ही भावना झाली तवाचा नंबर किती धरू?" मॅडम हसल्या. मी नाही हसले. हे गमतीवर नेलं की काहीच नीट होत नाही.

आज सात. वही केली आहे. तारीख, व्यायाम, नंबर.

१८ जानेवारी, रविवार

कमरेइतका ओटा बांधून घेतला. मटका आता ओट्यावर. आईनं उभं राहून करायचं.

जमत नाही तिला. उभ्यानं हात तसे फिरत नाहीत म्हणते. कणीक कोपरावरून गळते, धग सरळ तोंडावर येते, रोटी मधोमध फाटते. ओमप्रकाशभाऊ रोजचं गिऱ्हाईक. रोटी उजेडात धरून म्हणाले, "सिंधूताई, आज रोटीले खिडक्या काहून लावल्या जी?" सगळे हसले, आईसुद्धा. मौशी कणीक मळता मळता म्हणाली, "पोरीनं चुलीवर शाळा काढली आपल्या. आता हजेरी घेते."

घेते! कोणीतरी घेतली पाहिजे.

२७ जानेवारी, मंगळवार

पाच. आईनं तिसरा व्यायाम दहादा केला, सांगितला होता पंधरादा. पुन्हा पहिल्यापासून करवून घेतला.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पुन्हा पाच. मॅडम म्हणाल्या, आता घरीच करा, महिन्यानं दाखवा. मी पाचचं चार करायला काय करता येईल ते विचारलं. त्या म्हणाल्या, "थोडा धीर धरा, ताई." धीर आहे माझ्याकडे. आईकडे शिस्त नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिस लवकर सुटलं. बाजारातून आले.

ओटा रिकामा. मटका खाली, विटांवर. आणि आई त्याच्यापुढे उकिडवी! हात असे चालले होते जसे कधी थांबलेच नव्हते. रोटी अख्खी, पातळ, ओढणीसारखी. आठ-दहा माणसं उभी होती.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं लिहिलं पाहिजे. "तुला अक्कल आहे का?" म्हटलं. "मी तुझ्यासाठी मरते आणि तू चोऱ्या करते," म्हटलं. "अंगठा लावणाऱ्या बाईला काय समजणार!" म्हटलं. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

आईच्या दोन्ही कोपरांवर कणीक लोंबत होती. तिला तोंड पुसता येत नव्हतं. म्हणाली, "येवढी एक टाकून घेऊ दे वं, बाई."

मी हांडा उचलला आणि विस्तवावर पाणी ओतलं. मटका तडकला. आवाज मोठा झाला. लोक मागे सरले. आईनं हातावरची कणीक हळूच परातीत सोडली आणि खालीच बसून राहिली, कारण तिला आधाराशिवाय उठता येईना. उठवायला मौशी आली. मी नाही गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

माफी मागायला पाहिजे. मागितली नाही. मागितली तर ती उद्या पुन्हा खाली बसेल.

बोलणं चुकलं असेल, मुद्दा बरोबरच होता.

१६ फेब्रुवारी, सोमवार

तीन! पहिल्यांदा तीन.

मी दोनदा विचारलं. "नक्की?" आई म्हणाली, "हाव, तीन." आता सांगितलं की ऐकते. घरीच बसते, रोटी मौशी करते. सगळे व्यायाम माझ्या आधी उठून करून टाकते. मी वही उघडली की स्वतःच नंबर सांगते.

ऑफिसात सगळ्यांना सांगितलं. हेडक्लार्क बाई म्हणाल्या, घरात एक शिकलेलं माणूस पाहिजे बघ.

२२ फेब्रुवारी, रविवार

तीन. आईची उजवी टाच चालताना जमिनीला लागत नाही. विचारलं. "चप्पल चावते." संध्याकाळी नवी चप्पल आणली.

घरात ती अनवाणीच असते. तेव्हाही टाच वरच असते. पाहिलं मी. पुढं विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

तीन.

१ मार्च, रविवार

तीन. उशी गुडघ्याखाली घेऊन झोपते. उशी काढली तर झोपेत कण्हली. पुन्हा ठेवली.

५ मार्च, गुरुवार

मौशी ऑफिसच्या फाटकावर आली. आजवर कधी आली नव्हती. आत ये म्हटलं तर आली नाही. उन्हातच उभी राहून बोलली.

"अठरा दिवस झाले, तिचा पाय सरळ नाही झाला. मोरीतून उठताना अडकला तो अडकलाच. मी धरून नेतो तवा संडासले जाता येते. आन् तू वहीत काय लिहून राहिली?"

मी म्हटलं, मला सांगितलं का नाही?

"नको सांगू म्हने. पोरीचा नंबर खाली येऊन राहिला, खुश हाये म्हने."

मौशीनं पदरानं तोंड पुसलं.

"भेते ती तुले. माय पोटच्या पोरीले भेते, असं कुठं पाह्यलं का वं? आमी नाई पाह्यलं. शिकलेल्या घरात असन असं."

अठरा दिवस म्हणजे पंधरा फेब्रुवारी. पहिला तीन सोळाचा.

६ मार्च, शुक्रवार

आईला बाहेर बसवून डॉक्टर माझ्याशी बोलले. अडकल्या दिवशी का आणलं नाही? मी त्यांना वही दाखवली. त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

फाटलेला तुकडा सांध्यात शिरून इतके दिवस चिरडला गेला. आता शिवण्यासारखा राहिला नाही. कापून काढावा लागेल. पाय सरळ होईल, चालता येईल. खाली बसून करायचं काम कायमचं बंद. गुडघा पुढं लवकर झिजेल.

कागद पुढं आला. सही केली. सही नेहमीसारखीच आली, स्वच्छ.

बाहेर येऊन आईला एवढंच सांगितलं, "ऑपरेशन करायचं आहे." ती म्हणाली, "तुले वाटते तर करू."

१२ मार्च, गुरुवार

ऑपरेशन झालं. आईला कमरेखाली अजून काही कळत नाही. डॉक्टर खाटेपाशी उभं राहून मला इंग्रजीत म्हणाले, जानेवारीत शिवलं असतं तर गादी वाचली असती.

ते गेल्यावर आईनं विचारलं, "डॉक्टर रागावले का वं?"

मी म्हटलं, "हो. तू त्या दिवशी बाजारात खाली बसलीस, त्यानंच सगळं बिघडलं म्हणाले."

आईनं माझा हात धरला. "चुकलंच माहं, भावना. तू किती सांगतलं होतं."