फुप्फुसं मोठी आहेत

३ जानेवारी
जिना चढताना धाप लागते म्हणून सुमेधा (बायको कसली, पोलीसच) डॉक्टरकडे घेऊन गेली. कारण उघड आहे, कल्याणची धूळ. वागळे इस्टेटला ग्राइंडिंग मशीनवर उभा जन्म गेला, तेव्हा धाप नव्हती. सिगारेट तेव्हाही होती. म्हणजे सिगारेटचा संबंध नाही.

५ जानेवारी
एक्स-रे आला. फुप्फुसं नॉर्मलपेक्षा मोठी! डॉक्टर स्वतः म्हणाले. लगेच मित्राला, साईनाथला, फोन. मुलगी क्षिप्रा म्हणाली, बाबा, ही कौतुकाची गोष्ट नाहीये.
एम्फिसीमा नाव आहे. आत बारीक फुगे असतात म्हणे. धुराने त्यांच्या भिंती विरतात, चार-पाच फुग्यांचा मिळून एक ढिला फुगा होतो. जुनी हवा आतच अडकते, नवीला जागा नाही. विरलेलं पुन्हा भरून येत नाही, असंही म्हणाले. डॉक्टर तरुण आहेत. घाबरवायची हौस असते.

८ जानेवारी
नळीत फुंकायची टेस्ट. मशीन बिघडलेलं. तीनदा फुंकलं, तीनदा तोच एवढासा आकडा. बिघाड पक्का.

१ फेब्रुवारी
सिगारेट सोडली. कायमची. फक्त चहाबरोबरची ठेवली.

४ फेब्रुवारी
चहा वाढलाय.

१९ फेब्रुवारी
एप्रिलमध्ये साईनाथबरोबर मलंगगड चढायचा, ठरलं! सराव म्हणून दुर्गाडी किल्ल्यावर गेलो. मध्येच थांबलो, खाडी बघायला. साईनाथ म्हणाला, अरे किती वेळ खाडी बघतोस? रसिकता नाही माणसात.

११ मार्च
डॉक्टरांनी पंप दिलाय, रोज ओढायचा. सवय लागेल म्हणून जपून वापरतो. सुमेधा भडकली. म्हणाली, सवयीची भीती तुम्हाला आत्ता वाटायला लागली?

६ एप्रिल
साईनाथ मलंगगडला गेला. मी उन्हामुळे टाळलं. आंघोळीनंतर जरा पडलो होतो. टॉवेलने अंग पुसूनही दम लागतो. हल्ली टॉवेल फार जड बनवतात.

२३ एप्रिल
बाजारातून येताना दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून उभा राहिलो. सुमेधा पिशव्या घेऊन पुढे गेलेली. शेजारच्या रुपालीने विचारलं, काका, काय झालं? फोनवर बोलतोय अशी खूण केली. फोन घरी होता.
तेवढ्यात सुमेधा परत खाली आली. हातात प्लास्टिकची खुर्ची. भिंतीला लावून म्हणाली, अहो, बसा.
मला म्हणायचं होतं की याची काही गरज नाही, मी आपला सहज थांबलोय, लोक बघतील. पण एवढं लांब वाक्य श्वासात मावेना.
"बरं," म्हटलं आणि बसलो.